थंडीतलं अवकाळी: पहिल्या सरीपेक्षा तिसरी पहाट जपा



दिवाळी सरली की चलथाणला दोन गोष्टी दिसायला लागतात. साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या, आणि सकाळी तळ्याच्या पाण्यावरून उठणारी वाफ. गाड्या दिसल्या की बरं वाटतं, कारण डांगातून आणि आपल्या खानदेशातून आलेले कोयते पडाव टाकतात आणि मासळीला गिऱ्हाईक वाढतं. वाफ दिसली की मात्र तळं सांभाळायचे दिवस आले असं समजायचं.

दरवर्षी या दिवसांत सभासद एकच प्रश्न विचारतात, "यंदा थंडीत पाऊस आहे का?" आपण त्याला अवकाळी म्हणतो, इथले गुजराती शेजारी मावठुं म्हणतात. नाव कुठलंही घ्या, उसाचा आणि तळ्याचा दोघांचाही तो वैरी. पण त्यात नुकसान नेमकं कधी होतं, याबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

हा पाऊस येतो कुठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात निघतात. टीव्हीवर त्याला 'पश्चिमी विक्षोभ' किंवा 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' म्हणतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून ते हिमालयाकडं जातात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो तो यांच्यामुळंच. बहुतेक वेळा आपल्याला त्याची झळ लागत नाही. पण एखादा झंझावात जोरदार असला, त्याचा पट्टा दक्षिणेकडं लांबला आणि अरबी समुद्रावरची ओल त्यात ओढली गेली, की सौराष्ट्रापासून सुरत, तापी, नंदुरबार, धुळे, नाशिकपर्यंत ढग भरतात.

त्याचा क्रम ध्यानात ठेवा. आधी ढग येतात, पहाटेची थंडी कमी होते, हवा कोंदट वाटते. मग गडगडाट आणि सरी. झंझावात पुढं सरकला की मागून उत्तरेची कोरडी, गार हवा शिरते आणि पारा झपकन उतरतो. म्हणजे आधी ऊब, मग पाऊस, मग थंडी. थंडीत अचानक उकडायला लागलं तर खूश होऊ नका, आभाळाकडं बघा.

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आठवतोय ना? त्या दिवशी गुजरातच्या बहुतेक तालुक्यांत पाऊस झाला. सुरत, तापी, भरूच जिल्ह्यांत काही ठिकाणी काही तासांतच ५० मिलिमीटरच्या वर पाणी पडलं. वीज पडून राज्यात वीसपेक्षा जास्त माणसं गेली. तिकडं नाशिकच्या निफाड भागात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या.

मासळी कधी मरते?

त्या पावसात आमच्या एका सभासदानं रात्रभर पाळीवर उभं राहून पाणी राखलं. पाळ फुटली नाही, मासा वाहून गेला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, तसा तो निवांत झाला. नेहमीचा कोंडा आणि शेंगपेंड टाकली आणि घरी जाऊन झोपला. आभाळ मात्र तसंच भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या शेतावरच्या माणसानं फोन केला, "भाऊ, मासं वर आलंय." तो पोचेपर्यंत मोठा कटला पांढरं पोट वर करून काठाला लागला होता.

त्याला वाटलं कुणी औषध टाकलं. औषध कुणी टाकलं नव्हतं, पाण्यातला प्राणवायू संपला होता.

तळ्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र मासा, शेवाळ, तळाचा गाळ सगळेच तो वापरतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. दोन दिवस ऊन नाही पडलं तर दिवसाची जमा होतच नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच. त्यातच पावसाचं गार पाणी वर पडतं. गार पाणी जड, ते खाली जातं आणि तळाचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर ढवळून येतं. शेतातून वाहून आलेला गाळ-कचरा वेगळाच. आणि वर आपण टाकलेलं खाद्य! मासा गारठलेला असतो, खात नाही. ते तळाला जाऊन कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही पितं.

थंडी मात्र इथं मुख्य गुन्हेगार नाही. उलट गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. खरा धोका ढगाळ दिवस, ढवळलेलं पाणी आणि जादा खाद्य हे तिन्ही एकत्र येण्याचा. म्हणून आम्ही म्हणतो, सरीला घाबरा पण तिसरी पहाट जपा.

अंदाज आला की काय करायचं?

डिसेंबर ते फेब्रुवारी असा तीन महिन्यांचा अंदाज हवामान खातं देतं, पण तो मोठ्या प्रदेशाचा असतो. आपल्या तळ्याला उपयोगाचा तो जिल्ह्याचा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज. सुरतसाठी तो अहमदाबादच्या हवामान केंद्राकडून येतो, 'मौसम' ॲपवरही दिसतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे लगेच कामाला लागा.

बातमीत 'थंडीची लाट' हा शब्द येईपर्यंत थांबू नका. सपाट प्रदेशात तो शब्द वापरायला किमान पारा १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश खाली जावा लागतो. रोहू-कटल्याची भूक त्याच्या बरीच आधी, पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मंदावते.

पावसाच्या आधी:
– मासा विक्रीजोगा असेल तर ढग यायच्या आधीच काढा. गारठलेल्या माशावर जाळं ओढलं तर खवले निघतात आणि जखमेतून रोग शिरतो.
– खाद्य निम्म्यावर आणा. ढग भरले त्या दिवशी पूर्ण बंद. दोन-तीन दिवस खाद्य नसल्यानं मासा मरत नाही.
– शेतातून येणारी पाण्याची वाट बंद करा. जादा पाणी जायच्या तोंडाला जाळी लावा.
– मोटर चालू करून बघा. डिझेल घरात ठेवा, पावसात लाइट जातेच.

पाऊस चालू असताना:
– गडगडाट ऐकू आला की पाण्यातून आणि पाळीवरून बाहेर या. झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तळ्याकडं फिरकू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते प्रत्येकानं टाकून घ्या. मासा परत वाढवता येईल, माणूस नाही.

पावसानंतरच्या तीन पहाटा:
– चार वाजता बॅटरी घेऊन तळ्यावर. मासा तोंड वर काढून आ वासत असेल, काठाला गोळा झाला असेल, तर लगेच मोटर लावा. पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पडू द्या. मोटरचं तोंड तळाच्या गाळात नको. बोअरच्या पाण्यातही मुळात प्राणवायू कमी असतो, तेही उंचावरूनच पाडा.
– घाबरून त्याच वेळी चुना टाकू नका. पाण्याचा सामू चढला की त्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.
– ऊन चांगलं पडून मासा खाली गेला आणि खायला फिरू लागला, की मगच थोडं थोडं खाद्य सुरू करा.

तांबडे चट्टे दिसले तर

उत्तरेची गार हवा आली की आठ-पंधरा दिवसांत आणखी एक संकट येऊ शकतं. माशाच्या अंगावर तांबडे चट्टे येतात आणि पुढं त्याची खोल जखम होते. ही बुरशीसारख्या एका जीवाची लागण आहे. भारतात ती १९८८ साली पहिल्यांदा आढळली. पावसानंतर गारठलेल्या पाण्यात तिचं फावतं. मरळ आणि मृगळ लवकर धरतात, सायप्रिनस सहसा तग धरतो. मासा आणि पाणी स्थिर झाल्यावर, सामू तपासून, भिजवून थंड केलेला चुना मारणं हा जुना उपाय. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेनं यावर 'सीफॅक्स' औषध काढलंय. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर एक लिटर, असं त्याचं प्रमाण. तरी मत्स्य खात्याच्या माणसाला दाखवूनच वापरा.

समुद्रावर गेलेल्या भाऊबंदांसाठी

आपल्यातली काही पोरं खलाशी म्हणून किनाऱ्यावर जातात. त्यांनी १ डिसेंबर २०२१ ची रात्र विसरू नये. अशाच अवकाळीच्या वाऱ्यात गीर सोमनाथच्या नवाबंदरला नांगरलेल्या होड्या आपटून बुडाल्या आणि काही खलाशी बेपत्ता झाले. होड्या बंदरात होत्या, तरी हे घडलं. म्हणून बंदरावर ३ नंबरचा बावटा लागला की होडी दुहेरी बांधा आणि रात्री होडीवर झोपू नका. घरच्यांनीही पोराला फोन करून एवढं विचारावं, "बावटा कितीचा लागलाय रे?"

शेवटचं

पहाटेची पाळी एकट्यानं होत नाही. शेजारशेजारच्या तळेवाल्यांनी तिघातिघांचा गट करा. ढग भरले की रोज एकानं पहाटे तिन्ही तळ्यांवर फेरी मारायची आणि बाकी दोघांना फोन करायचा. संस्थेची मोटर ज्याला लागेल त्यानं आदल्या संध्याकाळीच सांगावं, पहाटे साडेचारला धावपळ नको. तुमचा गट ठरला की खाली तिघांची नावं लिहा, यादी संस्थेच्या फळ्यावर लावतो.