ना पुतळा, ना तोफ. तरी या काळ्या भिंतीसमोर लोक का रडतात?

युद्धस्मारक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घोड्यावर बसलेला सेनापती, रणगाडा, नाहीतर उंच स्तंभ. पण वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाची मुख्य रचना म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या फक्त दोन भिंती आणि त्यांवर कोरलेली ५८ हजारांहून जास्त नावं. तरीही तिथे गेलेला माणूस गप्प होतो. कित्येकांना रडू आवरत नाही. असं का होतं?

त्यासाठी आधी त्या काळातली अमेरिका समजून घ्यावी लागेल. व्हिएतनाम युद्धावरून देश उभा दुभंगला होता. सैनिक परतले तेव्हा मोठं स्वागत तर सोडाच, अनेकांना आपण तिथे लढलो हे सांगायचीही चोरी झाली. घरोघरी दुःख होतं, पण ते मोकळं करायला जागा नव्हती.

या युद्धात जखमी झालेल्या जॅन स्क्रग्ज यांनी १९७९ मध्ये स्मारकासाठी पुढाकार घेतला. देणग्यांमधून पैसा उभा राहिला. डिझाइनसाठी स्पर्धा ठेवली, तिच्यात १,४२१ प्रवेशिका आल्या. कोणती कोणाची हे परीक्षकांना माहीत नव्हतं. जिंकली ती येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची माया लिन.

तिचं डिझाइन पाहून वाद पेटला. भिंत काळीच का, जमिनीच्या खाली का, यात वीरता कुठे आहे? शेवटी तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा पुतळा उभारायचं ठरलं. १३ नोव्हेंबर १९८२ ला भिंतीचं लोकार्पण झालं आणि तिथे आलेल्या लोकांनीच तिला आपलंसं केलं.

यामागे भिंतीच्या रचनेचा मोठा वाटा आहे. टोकाला ती जेमतेम घोट्याएवढी आहे. वाट हळूहळू खाली उतरते आणि मध्यावर भिंत १० फुटांची होते. म्हणजे चालता चालता नावं आपल्या डोक्यावरून वर जातात.

नावं बाराखडीप्रमाणे नाहीत, तारखेप्रमाणे आहेत. हुद्दा कोणाचाच लिहिलेला नाही. त्यामुळे एकाच दिवशी गेलेले मित्र एकमेकांशेजारी सापडतात. पहिली आणि शेवटची नावं मधल्या कोपऱ्यात एकमेकांना भेटतात.

ग्रॅनाइट आरशासारखा चकचकीत आहे. गेलेल्या भावाचं नाव वाचताना त्यावर आपलाच चेहरा दिसतो. लोक नावावरून बोट फिरवतात, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात, पायथ्याशी पत्रं, पदकं, जुने बूट ठेवून जातात.

नावापुढे चौकट असेल तर मृत्यू निश्चित झालेला, क्रॉस असेल तर तो सैनिक बेपत्ता. बेपत्ता सैनिक जिवंत परतलाच, तर क्रॉसभोवती वर्तुळ कोरायचं ठरलं होतं. असं एकही वर्तुळ आजवर कोरावं लागलेलं नाही.

अर्थात, या युद्धात लाखो व्हिएतनामी माणसंही मारली गेली. त्यांची नावं इथे नाहीत.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकातही त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत. तिथे गेलात तर सेल्फीआधी एखादं नाव पूर्ण वाचा. कोणीतरी घरी त्या नावाने हाक मारत होतं.