सातचा पाढा सत्तरला संपत नाही

सहावीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दहापर्यंतचे पाढे येत नाहीत, हा ‘परख’ या राष्ट्रीय शालेय सर्वेक्षणाचा मथळा एव्हाना सगळ्यांनी वाचला आहे. त्यावर घरोघरी उमटलेली प्रतिक्रियाही ठरलेली: आमच्या वेळी दिवेलागणीला तिसापर्यंतचे पाढे म्हणून घ्यायचे, आता मोबाइलने सगळं घालवलं. पण ४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या या सर्वेक्षणाचा निकष मुळातून वाचला, तर त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. मुलाला बेरीज-गुणाकाराचे किमान दहापर्यंतचे पाढे यावेत ही एक. चारही क्रियांचं आपसातलं नातं कळून त्याने रोजच्या व्यवहारातली उदाहरणं सोडवावीत ही दुसरी. हा निकष गाठणाऱ्या मुलांचा ५३ टक्के हा आकडा या दोन्हींचा मिळून आहे. मथळ्यात पहिली गोष्ट राहिली, दुसरी गळली. मला काळजी वाटते ती दुसरीची, आणि तिचं मूळ ‘पट’ या एका कल्पनेत आहे.

पाढे चोख येणाऱ्या एखाद्या सहावीतल्या मुलीला विचारा, १६१ सातच्या पाढ्यात येतात का? ती मनातल्या मनात सात नवे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर इथवर जाईल आणि ‘नाही’ म्हणेल, किंवा भागाकार मांडायला कागद मागेल. तिच्या लेखी सातचा पाढा सत्तरला संपलेला असतो. पाढा म्हणजे सातच्या पटींच्या न संपणाऱ्या रांगेतले पहिले दहा, एवढंच; ती रांग सत्तरनंतर ७७, ८४, ९१ अशी त्याच चालीने पुढे जाते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं असलं तरी त्यावर प्रश्न विचारलेले नसतात. खरं तर १६१ मध्ये १४० आणि २१ दिसायला हवेत. चौदा दाहे एकशे चाळीस आपल्या ओळखीचे, सात त्रिक एकवीसही ओळखीचे. सातच्या दोन पटी एकत्र केल्या की सातचीच पट मिळते, म्हणजे १६१ ही सातची तेविसावी पट. कागद लागत नाही, पेन्सिल लागत नाही.

दोन पटींची बेरीज पटच असते, वजाबाकीही पटच असते. शाळेतल्या अंकगणिताचा मोठा भाग या एका नियमावर उभा आहे, आणि तो स्वतंत्रपणे, नाव घेऊन फार क्वचित शिकवला जातो. पाठ्यपुस्तकात विभाजक आणि विभाज्य, म्हणजे पटी, एकाच धड्यात येतात, परीक्षेत एकाच प्रश्नात येतात, आणि मुलांची गल्लत होते. बाराचे विभाजक मोजून सहा: १, २, ३, ४, ६, १२. बाराच्या पटी मोजायला बसलं तर आयुष्य पुरणार नाही. हा फरक एकदा नीट दिसला की ‘लसावि’ला, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याला, अर्थ येतो. आज बहुतेक मुलं १२ आणि १८ शेजारी लिहून भाग देत खाली उतरतात आणि ३६ असं उत्तर काढतात. बाराची रांग आणि अठराची रांग पहिल्यांदा जिथे भेटते ती जागा ३६, हे त्यांतल्या कितींना सांगता येईल?

पाठांतर टाकून द्या, समज आपोआप येईल, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. चौदा दाहे आणि सात त्रिक तोंडावर नसतील तर १६१ ची फोड सुचणारच नाही. आपल्याकडच्या जुन्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असायची. औटकी म्हणजे साडेतीनच्या पटी. सोळा आण्यांचा रुपया आणि चार पावशेरांचा शेर असताना त्यांना रोखठोक उपयोग होता. साडेतीन आणे शेराची डाळ सहा शेर घेतली तर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही तोंडून ‘एकवीस’ एकदमच निघायचं. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि औटकीचं व्यवहारातलं काम संपलं. तिची आठवण काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. पण त्या पिढीला एक गोष्ट नकळत मिळाली होती. पट फक्त पूर्ण संख्येने मोजायची असते असं त्यांना कधी वाटलं नाही. आज ‘साडेतीन पट’ म्हटल्यावर सातवीतला मुलगा थबकतो, त्याअर्थी काहीतरी हरवलं आहे. एकोणिसाचा पाढाही असाच. विसाच्या पाढ्यातून एकेक वाढत वजा करत गेलं की तो तयार: २० मधून १, ४० मधून २, ६० मधून ३. पाठ करण्याआधी पाढा असा एकदा बनवून पाहायला दिला, तर पाठांतर हलकं होतं.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती पट नऊची. अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात आली की ती संख्याही नऊच्या पाढ्यात, ही कसोटी सगळ्यांना पाठ असते. ती का चालते, हे कुठल्याही वर्गात पाच मिनिटांत सांगता येतं आणि सांगितलं मात्र जात नाही. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि एक. हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव आणि एक. ४,७२५ मधल्या चार हजारांतून चार वेळा ९९९ बाजूला काढले की हातात ४ उरतात, सातशेतून सात वेळा ९९ काढले की ७, विसातून दोन वेळा नऊ काढले की २, आणि एककाचे ५ तसेच. बाजूला काढलेलं सगळं नऊच्या पटीत. उरलेले ४, ७, २ आणि ५ मिळून अठरा, तेही नऊच्या पटीत. म्हणून ४,७२५ नऊच्या पटीत. यात कसलीही जादू नाही. दोन पटींची बेरीज पट असते, हाच मघाचा नियम इथे काम करतो.

हिशेबनिसांच्या जगात ही नऊची पट रोज उपयोगी पडते. रोजमेळ जुळत नसेल आणि फरक नऊच्या पटीत असेल, तर जाणता माणूस आधी उलटसुलट पडलेले अंक शोधतो. ४५० च्या जागी ५४० लिहिले गेले तर फरक ९०. ३,१८७ च्या जागी ३,८१७ लिहिले तर ६३०. अंक तेच, जागा बदललेल्या; म्हणून दोन्ही संख्यांना नवाने भागल्यावर बाकी सारखीच उरते, आणि वजाबाकीत ती बाकी उडून जाते.

हाच धागा धरून देवळालीच्या एका शाळामास्तरांनी जगाला थक्क केलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुधा कौतुकाने, कधी गूढाने. त्यांचं गणित उघडून मुलांसमोर ठेवण्याचं काम मात्र कमी झालं आहे, आणि सहावीच्या वर्गासाठी त्याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही. १९०५ साली डहाणूत जन्म, ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये विद्यार्थी असतानाच त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाचा आधार नव्हता, संगणक तर नव्हताच. होते कागद, पेन्सिल आणि संख्यांचं वेड. मार्च १९७५ मध्ये गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

त्यांचा १९४९ चा प्रसिद्ध शोध म्हणजे ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि तिथेच थांबतात. कापरेकरांचं जन्मसाल घेऊन पाहू. ९५१० वजा ०१५९, ९३५१. पुढे ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या पायरीला ६१७४. म्हणजे १९०५ ला सगळ्या सात पायऱ्या चढाव्या लागतात.

आता या रांगेतली कुठलीही संख्या घेऊन तिच्या अंकांची बेरीज करा. प्रत्येक वेळी अठरा किंवा सत्तावीस. सगळ्या नऊच्या पटी, कारण प्रत्येक पायरीला आपण तेच अंक उलटसुलट मांडून वजाबाकी करतो आहोत. रोजमेळातली चूक इथे मुद्दाम, पुन्हापुन्हा केली जाते. सगळे ६१७४ लाच का येतात याचं पूर्ण उत्तर नऊवर भागत नाही, त्यासाठी आणखी खोलात जावं लागतं. पण पहिल्या वजाबाकीनंतर चार अंकी संख्यांच्या गर्दीतून फक्त नऊच्या पटी उरतात, इतकं तर पाचवीतलं मूलही स्वतः शोधू शकतं.

कापरेकरांची दुसरी देणगी हर्षद संख्या. जी संख्या स्वतःच्याच अंकांच्या बेरजेच्या पटीत असते ती हर्षद. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि १८ नऊची दुप्पट. ६१७४ सुद्धा हर्षद: बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. आता आपल्याच दशकाकडे पाहा. २०२२, २०२३, २०२४, २०२५ ही चारही सालं ओळीने हर्षद आहेत. २०२२ ला सहाने भाग जातो, २०२३ ला साताने, २०२४ ला आठाने, २०२५ ला नवाने. योगायोग वाटतो, पण या प्रत्येक सालातून त्याच्या अंकांची बेरीज वजा करा: दर वेळी २०१६ उरतात. म्हणजे प्रश्न एवढाच राहतो की २०१६ हे सहा, सात, आठ आणि नऊ या चौघांच्याही पटीत आहेत का? चौघांचा लसावि ५०४, आणि २०१६ त्याची चौपट. पाठ्यपुस्तकात कोरडा वाटणारा लसावि इथे चार सालांचं कोडं एका फटक्यात सोडवतो. याच हिशेबाने २०२० हर्षद होतं आणि २०२८ होईल, कारण २०१६ ला चारानेही भाग जातो आणि बारानेही. २०२१, २०२६, २०२७ आणि २०२९ का नाहीत, हे मुलांना शोधू द्या.

ही सगळी संख्यांची करमणूक झाली, व्यवहारात काय, असं विचारणाऱ्यांनी घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा किंवा पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड पाहावा. त्याखाली तेरा अंक असतात; भारतात नोंदलेल्या मालाचे अंक बहुधा ८९० ने सुरू होतात, पुस्तकांचे ९७८ ने. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक तेराव्यापर्यंत मिळवा. दुसरा, चौथा, सहावा असे उरलेले मिळवून त्यांची तिप्पट करा. दोन्हींची बेरीज दहाच्या पटीतच येते. शेवटचा अंक त्यासाठीच निवडलेला असतो. टाइप करताना एखादा अंक चुकला तर बेरीज जास्तीत जास्त नवाने बदलते, किंवा त्याच्या तिपटीने. एक ते नऊपैकी कुणाचीही तिप्पट दहाच्या पटीत येत नाही, त्यामुळे चूक पकडली जाते.

शेजारचे दोन अंक उलटे पडले तर? बहुतेक वेळा तेही कळतं. पण त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, उदाहरणार्थ २ आणि ७, तर बेरीज बरोबर दहाने बदलते आणि चूक निसटते. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांक असायचा. त्यात अंकांना दहापासून एकपर्यंत उतरत्या क्रमाने गुणून येणारी बेरीज अकराच्या पटीत बसवलेली असायची, आणि शेवटी दहा हवे असले तर अंकाऐवजी रोमन ‘एक्स’ छापायचे. अकरा ही मूळ संख्या असल्याने त्या पद्धतीत कुठलेही दोन वेगळे अंक आपापसात बदलले तरी चूक उघडी पडायची. कपाटात जुनी पुस्तकं असतील तर शेवटी एक्स असलेलं एखादं शोधून मुलांना हा हिशेब करायला द्या. सहावीतल्या पाढ्यांवर तो सहज होतो.