नऊचे अठरा व्होल्ट

मुरगूडच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवादक असो की मुंबईतला, त्याच्या पायाशी असलेले इफेक्ट पेडल बहुधा ९ व्होल्टवरच चालते. तार जोरात छेडली की ध्वनिलहरीची टोके या मर्यादेला थडकून छाटली जातात आणि सूर फाटतो. रॉकवाल्यांना ते हवेच असते, भावगीताच्या साथीला नको. १८ व्होल्ट दिले तर लहरीला जागा मिळते.

त्यासाठी दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्यात. नाहीतर ७६६० जातीची नखाएवढी चिप वापरावी. ती कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत भरते आणि मूळ पुरवठ्यावर चढवते, घागरीवर घागर ठेवावी तशी. सेकंदाला सुमारे १० हजार वेळा चालणारी ही चढउतार कधी स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखी ऐकू येते. काही चिपमध्ये हा वेग २० हजारांपुढे, कानाच्या टप्प्याबाहेर नेता येतो.

मात्र आधी पेडल उघडून आतल्या कपॅसिटरवरचा आकडा पाहावा. तिथे १६ व्होल्ट लिहिले असेल, तर १८ व्होल्टवर तो फुगून फुटू शकतो.