निर्मळी, नेचा आणि जलपर्णी

गेल्या पंधरवड्यांत आमच्या पुतण्यानें नदीकांठीं उपसून टाकलेली जलपर्णी दोन पोतीं भरून घरीं आणली. परसांतील अळवास तिचें खत घालावें, हा त्याचा बेत. आम्हीं पोतीं बाहेरच्या फरशीवरच ठेवावयास सांगितलीं आणि त्यावरून घरांत थोडी बोलाचाली झाली. तिचें कारण वाचकांपुढें ठेवतों.

गढूळ पाणी निवळावें म्हणून निर्मळीची बी भांड्यास आंतून घासण्याची चाल जुनी आहे. संस्कृतांत हिलाच कतक म्हणतात. कतकाचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असा मनुस्मृतींत दृष्टान्तही आहे. परंतु निर्मळी काय किंवा तुरटी काय, त्यांचें मुख्य काम गाळ खालीं बसविण्याचें. पाण्यांत विरघळलेलें शिसें, कॅडमियम किंवा सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांच्या बाबतींत त्यांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. पाणी उकळल्यानेंही हीं विषें जात नाहींत. पाणी मात्र आटतें!

वंगदेशांत असेंच झालें. पटकी-हगवणीच्या भयानें लोकांनीं तळीं सोडून कूपनलिका खोदल्या. पाणी स्फटिकासारखें, पण भूगर्भांतील गाळाच्या थरांतून त्यांत सोमल उतरला होता. १९८३ सालीं कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनीं रोग्यांच्या त्वचेवरील लक्षणांवरून तो ओळखला.

या सोमलास शोषून घेणारा एक नेचा आहे, टेरिस विटाटा. फ्लोरिडा विद्यापीठांतील लीना मा व त्यांचे सहकारी यांस तो लाकूड टिकविण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या दूषित जमिनींत फोफावलेला आढळला. २००१ सालीं 'नेचर' पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, याच्या पानांत सोमल शेंकडा दोनांहून अधिक सांठूं शकतो. पुढें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मुळें पाण्यांत सोडून वाढविलेल्या नेच्यानें लिटरमागें २०० मायक्रोग्रॅम सोमल एका दिवसांत १० च्या आंत आणला. पिण्याच्या पाण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें घातलेली मर्यादा १० चीच आहे. हाच नेचा आपल्या देशांत जुन्या भिंतींच्या सांधींतून उगवतो. मात्र तो विहिरींत दिसला म्हणून तेवढ्यावर पाणी शुद्ध समजूं नये.

कारण धातु हें मूलद्रव्य आहे. वनस्पति त्याचा नाश करीत नाहीं, केवळ जागा पालटते. सोमल भरलेलीं पानें गुरांस घालतां येत नाहींत, बंबांत जाळलीं तर सोमलाचा कांहीं भाग धुरावाटे घरांत येतो. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या जलपर्णीचेंही तेंच. तिचीं मुळें शिसें व कॅडमियम ओढून घेतात. ती नदींतच कुजली तर धातु पुनः पाण्यांत. आणि कारखान्यांचें सांडपाणी मिळणाऱ्या नदींतील जलपर्णीचें खत अळवास घातलें, तर तें पान शेवटीं कोणाच्या ताटांत पडावयाचें?

"मग काका, ती टाकावी तरी कोठें?" पुतण्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता, आणि आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मूठभर मुळें त्यानें प्रयोगशाळेंत तपासावयास दिलीं आहेत. तोंवर पोतीं फरशीवर झांकून ठेवलीं आहेत, आणि गाय तिकडे फिरकणार नाहीं याची खबरदारी वहिनी घेत आहेत.