चार तिकिटांची पट्टी

१९८९ साली मी आरमोरीला बँकेत होतो. एका संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर आमचा चाळिशीतला कॅशियर हळूच म्हणाला, "साहेब, पोस्टाची बारा तिकिटं पाहिजेत. जोडलेली." जावक टेबलावरची तिकिटे द्यायला मी साफ नकार दिला. तेव्हा त्याने खरे काय ते सांगितले.

दोन वर्षे त्याचे वैवाहिक सुख बंद पडले होते. चंद्रपूरच्या महाकाली यात्रेतल्या तंबूवाल्याकडे फंडाची उचल संपली. आपलेच काही चुकते, असे समजून वहिनी सोमवार धरून बसल्या होत्या. अखेर नागपूरच्या एका डॉक्टरांनी औषधाऐवजी तिकिटे सांगितली.

प्रकार असा. निरोगी पुरुषाच्या इंद्रियाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. बहुतेक वेळा पापण्यांआड डोळे भराभर हलतात, स्वप्ने पडतात, त्या झोपेत. स्वप्न शृंगाराचेच हवे असे नाही. तान्ह्या मुलांतही हे दिसते. जागेपणीची धास्ती तिथे पोचत नाही. अमेरिकेत इस्मेत काराजान यांनी १९७०च्या सुमारास निदानासाठी याचा उपयोग सुचवला. तिकिटांची युक्ती १९८०ची. झोपताना चार तिकिटांची पट्टी इंद्रियाभोवती गुंडाळून टोके चिकटवायची. सकाळी ती छिद्रांच्या रेषेवर फाटली असेल, तर शरीर बहुधा ठीक, अडचण मनात. शाबूत राहिली, तर शरीर तपासायचे.

मी पदरची तिकिटे आणून दिली. तिन्ही रात्री पट्टी शाबूत! रक्त तपासले, तर मधुमेह. तंबूवाल्याने दोन वर्षांत साखरेचे नावही काढले नव्हते.

हा कौल तसा कच्चाच. ताठरता किती घट्ट, किती वेळ, हे तिकिटे सांगत नाहीत; झोपच नीट लागली नाही तरी ती फाटत नाहीत. पुढे त्यासाठी यंत्रे आली. १९९८मध्ये सिल्डेनाफिलची गोळी आल्यावर या चाचण्या क्वचितच होऊ लागल्या. मात्र साखर, रक्तदाब आणि हृदय तपासावेच लागते. इथल्या बारीक रक्तवाहिन्या हृदयाच्या आधी तक्रार करतात.

त्याच १९८९ साली डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या पाहणीने बायकांची मुकी दुखणी जगापुढे मांडली होती. पुरुषांच्या वाट्याला तंबूच होते.

कॅशियरची अडचण पुरती गेली नाही. वहिनींचे सोमवार मात्र सुटले. पगाराच्या दिवशी त्याने तिकिटांचे पैसे मोजून माझ्या टेबलावर ठेवले आणि चहावाल्या पोराला म्हणाला, "मला बिनसाखरेचा."