धावपटूंचे उपनगर : सुलुल्ता

इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा. तिच्या उत्तरेस, एंतोतो डोंगरापलीकडे, सुमारे २,७०० मीटर उंचीवर सुलुल्ता वसले आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूने तेथे बिऱ्हाड करावे काय? विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो. म्हणून शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढविते व दम टिकतो. मऊ कुरणे पायांना सोसतात. परंतु त्याच हवेत पूर्ण वेग साधत नाही. त्यासाठी धावपटू राजधानीच्या दक्षिणेस, तुलनेने सखल अशा अकाकीकडे उतरतात. वस्ती उंचावर असावी, वेग खाली कमवावा, हेच सूत्र होय. मात्र वाढती वस्ती कुरणे गिळीत आहे. १९६० साली रोम येथे अनवाणी मॅरेथॉन जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाच्या देशाला उंची निसर्गाने दिली. मोकळी जमीन माणसांनीच राखली पाहिजे.