व्यसनाची पारख

कामगार झिंगलेला दिसला की मुकादम त्याचे तोंड हुंगतो आणि 'दारुडा' असा शिक्का मारून मोकळा होतो. पण वासावरून कळते ते इतकेच, की आज तो प्यालेला आहे. व्यसन जडले आहे काय, हा प्रश्न निराळा. तो जाणत्यानेच तपासावयाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत पाहणी करून १९८९ साली दहा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. किती वेळा पिता, एका बैठकीस किती, सुरू केल्यावर थांबता येते काय, सकाळी उठताच घोट लागतो काय, असे ते प्रश्न. प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण ४०. आठ वा अधिक भरले तर धोका. वीस वा अधिक, तर दारूच्या आहारी गेल्याची शंका. शंका म्हणजे निवाडा नव्हे. पुढे डॉक्टरने शरीर, मन आणि घरची स्थिती पाहावयाची. कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर झटके आणि भ्रम होऊन प्राणावरही बेतते. कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे.

कोवळ्या पोरांना निराळे विचारावे लागते, तेही आईबापांना बाहेर बसवून : प्यालेल्याच्या गाडीत बसलास काय? एकटा असताना नशा करतोस काय?

उत्तरे खरी हवीत, तर भीती नको. उत्तरांचा कागद मालकाच्या टेबलावर जाणार असेल, तर प्रत्येकजण 'क्वचित घेतो' असेच सांगेल. म्हणून तो कागद डॉक्टरपाशीच राहिला पाहिजे.